फेस आला म्हणजे जंतू मेले?

खरचटलेल्या गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस उसळतो आणि शेजारी उभं असलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, "बघ, आत किती घाण होती!" हा समज इतका पक्का आहे की फेस थांबेपर्यंत लोक पुन्हा पुन्हा औषध ओतत राहतात. पण फेसाचा घाणीशी संबंध नाही. निर्जंतुक ब्लेडने कापलेल्या स्वच्छ जखमेवरही तो तेवढाच येतो. उलट, न फाटलेल्या त्वचेवर कितीही मळ असला तरी तसा फेस उठत नाही.

कारण फेस काढणारं द्रव्य पेशींच्या आत असतं. त्याचं नाव कॅटलेज. हे एक एन्झाइम, म्हणजे विकर आहे. कातडी फाटून रक्त आलं की फुटलेल्या पेशींमधलं कॅटलेज बाहेर येतं आणि पेरॉक्साइडचं पाणी व ऑक्सिजन करून टाकतं. फेसातले बुडबुडे या ऑक्सिजनचे असतात. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखत घडतं.

मग जंतू मरत नाहीत का? पेरॉक्साइड जंतुनाशक आहे, हे खरंच. पण फेस म्हणजे जंतुनाशक संपत चालल्याची खूण. जेवढं फेसावाटे गेलं, तेवढं जंतूंवर चालायला उरलं नाही. शिवाय जखम भरून आणणाऱ्या कोवळ्या पेशींनाही ते इजा करतं. साध्या खरचटण्यावर वाहतं स्वच्छ पाणी आणि भोवती साबण हा त्याहून चांगला उपाय आहे.

काही जंतूंकडे तर स्वतःचंच कॅटलेज असतं आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये याचा रोज उपयोग होतो. काचपट्टीवर लाकडी काडीने जंतूंच्या वसाहतीचा अगदी थोडा अंश ठेवायचा आणि वर पेरॉक्साइडचा एक थेंब टाकायचा. लगेच बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस गटाची शक्यता, काहीच झालं नाही तर स्ट्रेप्टोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गोल दिसतात, पण या एका थेंबाने त्यांची वाट वेगळी होते. यात जपायचं एक असतं. वसाहत रक्त घातलेल्या माध्यमावर वाढवली असेल, तर काडीबरोबर खालचं माध्यम उचललं जाता कामा नये. तांबड्या रक्तपेशींमधलं कॅटलेज फेस काढतं आणि निदान चुकतं. ज्यांचं काम हेच आहे त्यांनासुद्धा "फेस नक्की कुणाचा?" हे विचारावं लागतं.

फेस न येणं म्हणजे सगळं ठीक, हा याच समजाचा दुसरा भाग. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच्या काळात जपानमधले नाक-कान-घशाचे शल्यचिकित्सक शिगेओ ताकाहारा यांनी एका मुलीच्या तोंडातली कुजलेली जखम साफ करून वर पेरॉक्साइड ओतलं. फेस आलाच नाही आणि रक्त काळपट तपकिरी पडलं. तिच्या रक्तात कॅटलेज जवळजवळ नव्हतंच. ताकाहारांनी 1952 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हा आनुवंशिक दोष मांडला. तोंडात राहणारे काही स्ट्रेप्टोकॉकस स्वतः पेरॉक्साइड तयार करतात. ते फोडायला कॅटलेज नसलं तर हिरड्यांच्या पेशी मरू लागतात. तरीही हा दोष असलेल्या अनेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, कारण पेरॉक्साइड निकामी करणारी आणखीही विकरं शरीरात असतात. ती असावीच लागतात. पेरॉक्साइड फक्त बाटलीतून येत नाही, आपल्या पेशीही श्वसनाच्या ओघात ते सतत थोडंथोडं बनवत असतात.

आता वेगाबद्दल. "उष्णता वाढवली की अभिक्रिया वेगाने होते" हे शाळेत शिकलेलं वाक्य विकरांना जसंच्या तसं लावता येत नाही. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर पेरॉक्साइड टाका, फेस येतो. उकडून गार केलेल्या बटाट्यावर तो येत नाही. विकर हे प्रथिन आहे. त्याची विशिष्ट घडी मोडली की काम थांबतं आणि गार केल्यावर ती घडी परत बसत नाही. थंडीची गोष्ट वेगळी. फ्रिजमधल्या बटाट्याचं कॅटलेज मरत नाही, फक्त मंदावतं.

तापमान आणि आम्लता किती महत्त्वाची, हे कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये उघड दिसतं. सुती कापडाचं ब्लीचिंग पेरॉक्साइडने, उकळीच्या आसपास आणि चांगल्याच अल्कधर्मी पाण्यात होतं. नंतर थोडं जरी पेरॉक्साइड उरलं तरी पुढचा रंग फिका किंवा डागाळ बसतो. पूर्वी ते घालवायला कापड पुन्हा पुन्हा धुवावं लागे. आता 'पेरॉक्साइड किलर' म्हणून कॅटलेज घालतात. पण ते उकळत्या पाण्यात ओतलं तर फुकट जातं. आधी पाणी कोमट करायचं, ॲसेटिक आम्ल घालून अल्कधर्मीपणा उतरवायचा आणि मगच कॅटलेज घालायचं. विकराची सोय पाहिली, तर कितीतरी पाणी वाचतं. माझ्या मते विज्ञानाच्या पुस्तकात बटाट्याशेजारी हे उदाहरण यायलाच हवं.

आणखी एक गोंधळ वारंवार दिसतो : विकर जास्त घातलं की ऑक्सिजन जास्त मिळतो. नाही, तो फक्त लवकर मिळतो. घाट चढून जा किंवा बोगद्यातून जा, दोन्ही गावं होती तिथेच राहतात. विकर असा बोगदा काढून देतं, म्हणजे अभिक्रियेला लागणारी सुरुवातीची ऊर्जा कमी करतं. ऑक्सिजन किती निघणार हे पेरॉक्साइड किती आहे त्यावरच ठरतं. बाटलीवर '10 व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हाच. 3 टक्क्यांच्या त्या द्रावणातून त्याच्या सुमारे दहापट आकारमानाचा ऑक्सिजन निघतो, 100 मिलीतून साधारण 1 लिटर. '20 व्हॉल्यूम' म्हणजे 6 टक्के.

आणि विकर यात खर्च होत नाही. फेस बसल्यावर त्याच फोडीवर ताजं पेरॉक्साइड टाकलं की पुन्हा बुडबुडे येतात. मात्र "मग कायमचंच टिकेल" असंही नाही. पेरॉक्साइड स्वतःच कॅटलेजला हळूहळू निकामी करतं आणि द्रावण जितकं तीव्र, तितकं लवकर. म्हणून तीव्रता वाढवली की वेग आधी वाढतो, मग एका मर्यादेला थांबतो, कारण विकराचे सगळे रेणू कामात गुंतलेले असतात. त्याहून तीव्र द्रावणात तर तो घसरतो. त्वचेवरही तीव्र द्रावणाने भाजल्यासारखी जखम होते. जास्त कडक म्हणजे जास्त गुणकारी, हा हिशेब इथे धोक्याचा आहे.

विकर नसलं तरी बाटलीतलं पेरॉक्साइड आपोआप फुटत असतंच, फक्त अतिशय सावकाश. उजेड, उष्णता आणि धातूंचे कण तो वेग वाढवतात, म्हणून बाटली गडद रंगाची असते आणि वापरून उरलेलं द्रावण परत तिच्यात ओतायचं नसतं. जुनी बाटली अजून कामाची आहे का हे पाहायचं असेल, तर दोन थेंब कच्च्या बटाट्यावर टाका. बुडबुडे आले नाहीत, तर आत आता बहुतेक पाणीच उरलं आहे.