रस्त्याकडची बुजवलेली खिडकी

हॅम्पशायरमधल्या चॉटन गावी लोक जातात ते जेन ऑस्टिनचं लिहायचं छोटंसं टेबल पाहायला. मी गवंड्याची लेक, आधी भिंतीपाशी थांबते. लाल विटांचं, कौलारू, दुमजली घर. 1949 पासून इथं संग्रहालय आहे. पण बांधलं गेलं ते शेतघर म्हणून. मग काही काळ वाटसरूंचा उतारा झाला, पुढे जमीनदाराच्या कारभाऱ्याचं बिऱ्हाड. 1809 साली जेनचा भाऊ एडवर्ड, तोच तिथला जमीनदार, यानं ते आई आणि बहिणींना राहायला दिलं.

रस्त्याकडच्या भिंतीत एक खिडकी विटांनी बुजवलेली दिसते. इंग्लंडात अशी खिडकी दिसली की सगळे खिडक्यांवरच्या कराचं नाव घेतात. तो कर होता खरा, 1696 ते 1851. इथलं कारण मात्र निराळं. दिवाणखाना विंचेस्टरच्या रस्त्याला खेटून, येणारेजाणारे सरळ आत डोकावणार. म्हणून एडवर्डनं ती खिडकी बंद केली आणि बागेच्या अंगाला गॉथिक धाटणीची नवी काढली. उजेड राहिला, नजरा थांबल्या. जेन, बहीण कॅसँड्रा, आई आणि मैत्रीण मार्था अशा चार बायकांच्या घरासाठी केलेला हा बदल मला कुठल्याही नक्षीकामापेक्षा मोलाचा वाटतो.

त्या काळी विटेवरही कर होता. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भागवायला 1784 मध्ये तो बसला, दर हजारी. साहजिकच काही भट्टीवाले वीट मोठी पाडू लागले. मग 1803 मध्ये मोठ्या विटेचा कर दुप्पट झाला. 1850 मध्ये तो उठला.

अशा जुन्या घरांचा जीव असतो चुन्यात. चुना विटेपेक्षा मऊ. पावसाचं पाणी भिंतीत मुरतं आणि सांध्यांतून वाळून निघून जातं. तिथं सिमेंटनं दर्जा भरल्या की वाट बंद. पाणी विटेतच अडकतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटतो. वाड्यांची डागडुजी करताना माझे वडील, अण्णा, याच कारणासाठी सिमेंटला हात लावू देत नसत. एकदा भरलेलं सिमेंट काढायचं तर छिन्नी-हातोडीनं, हळूहळू. घाईत यंत्र फिरवलं की विटांच्या कडाच उडतात, आणि त्या पुन्हा घडवता येत नाहीत.