स्टेम सेलचे इंजेक्शन: पैसे भरण्याआधी काय विचारायचे?

होटगी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव रेल्वेच्या नकाशावर जंक्शन म्हणून ओळखले जाते. इथून एक मार्ग विजयपूर-गदगकडे जातो, दुसरा कलबुर्गी-वाडीकडे. अलीकडे सोलापूर शहर आहे, यंत्रमागाचे आणि विड्यांचे. या पट्ट्यातील माणसाचे शरीर कामावरच घडते आणि कामानेच झिजते. रुळांवर पहार चालवणारे, उसाच्या मोळ्या उचलणारे, मागासमोर तासन् तास उभे राहणारे, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाया. पन्नाशी आली की यांचे गुडघे बोलू लागतात.

अशा घरांत हल्ली एक नवा शब्द पोहोचला आहे: स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी. मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात की ऑपरेशन नको, एका इंजेक्शनात गुडघ्याची गादी नवी होते. मग घरात हिशेब सुरू होतो. सोने मोडायचे, बचत गटातून कर्ज काढायचे, की मुलीच्या फीचे पैसे वापरायचे? बहुतेक घरांत हा निर्णय शिकलेल्या तरुणाला विचारून होतो. हा लेख त्या तरुणासाठी आहे, आणि वस्तीत किंवा विहारात आरोग्य शिबिर भरवणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही.

गुडघ्यात झिजते काय?

मांडीचे हाड आणि नळीचे हाड जिथे भेटतात तिथे दोन्हींच्या टोकांवर गुळगुळीत आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. आपण बोलताना 'गादी झिजली' म्हणतो ती हीच. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि पेशीही फार थोड्या असतात. त्वचेला खरचटले तर ती भरून येते, हाड मोडले तर जुळते, पण कूर्चा झिजली तर ती आपोआप भरून येत नाही. म्हणूनच बाहेरून पेशी आणून सोडता येतील का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला.

या दिशेने पहिले ठोस पाऊल 1994 मध्ये स्वीडनमध्ये पडले. तिथल्या डॉक्टरांनी 23 रुग्णांच्या गुडघ्यातून कूर्चेच्या थोड्या पेशी काढल्या, प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्याच रुग्णाच्या गुडघ्यातील खड्ड्यात परत बसवल्या. पण ही पद्धत अपघातात किंवा खेळताना कूर्चेला पडलेल्या लहान खड्ड्यासाठी होती. वयाने आणि कष्टाने पूर्ण झिजलेल्या गुडघ्यासाठी ती नव्हती. जाहिरातींत हा फरक हमखास गाळला जातो.

मूळपेशी म्हणजे नेमके काय?

स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करणारी आणि गरजेप्रमाणे वेगळ्या प्रकारची पेशी बनू शकणारी, ती मूळपेशी. हाडाच्या मगजातील रक्ताच्या मूळपेशी रोज नवे रक्त तयार करतात. त्यांचे प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हे कित्येक दशके सिद्ध झालेले उपचार आहेत.

सांध्यासाठी ज्या पेशींचे नाव घेतले जाते त्या वेगळ्या, 'मेसेनकायमल' पेशी. त्या मगजातून, पोटाच्या चरबीतून किंवा बाळाच्या नाळेतून मिळवतात. 'मेसेनकायमल स्टेम सेल' हे नाव 1991 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नॉल्ड कॅप्लन यांनी रूढ केले. त्याच कॅप्लन यांनी 2017 मध्ये लिहिले की हे नाव आता बदलायला हवे. कारण शरीरात टोचल्यावर या पेशी स्वतः नवी कूर्चा बनत नाहीत. त्या काही रसायने सोडतात, त्यामुळे सूज आणि वेदना कमी होऊ शकतात. ज्याने नाव दिले त्यानेच नाव मागे घ्या म्हटले, तरी बाजारात 'नवी गादी उगवते' हेच वाक्य विकले जात आहे.

आणखी एक घोळ लक्षात ठेवावा. 'पीआरपी' म्हणून जे इंजेक्शन देतात ते स्टेम सेल नसते. रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग गुडघ्यात टोचतात. काही ठिकाणी दोन्ही एकाच नावाखाली खपवले जातात.

चाचण्या काय सांगतात?

पीआरपीची मोठी चाचणी ऑस्ट्रेलियात झाली. गुडघेदुखीच्या 288 रुग्णांपैकी काहींना पीआरपी आणि काहींना मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन दिले. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना माहीत नव्हते. 2021 मध्ये निकाल आला. वर्षभरानंतर वेदनेत आणि कूर्चेच्या झिजेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

अमेरिकेत सुमारे 480 रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2023 मध्ये आला. त्यात मगजातील, चरबीतील आणि नाळेतील अशा तीन प्रकारच्या पेशींची तुलना जुन्या, स्वस्त स्टेरॉइड इंजेक्शनशी केली होती. वर्षानंतर तिन्हींपैकी एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. 2025 मध्ये कोक्रेन संस्थेने जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. वेदना आणि हालचालीत थोडी सुधारणा होऊ शकते, पण पुरावा कमकुवत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

धोकाही आहे. 2018 मध्ये अमेरिकेतील टेक्सास, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या राज्यांत नाळेच्या रक्तापासून केलेले, परवाना नसलेले उत्पादन टोचून घेतलेल्या 12 जणांना जंतुसंसर्ग झाला आणि त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

भारतात कशाला परवानगी आहे?

आयसीएमआर आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2017 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार रक्ताच्या आजारांतील मूळपेशी प्रत्यारोपण हे सिद्ध उपचार आहेत. मूळपेशींचा बाकीचा वापर संशोधन समजला जातो आणि तो मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही. पुढे 2019 च्या औषध चाचणी नियमांनी मूळपेशींपासून बनवलेल्या औषधाला 'नवीन औषध' ठरवले. म्हणजे औषध महानियंत्रकांच्या परवानगीशिवाय ते विकता येत नाही.

अशी परवानगी मोजक्याच उत्पादनांना मिळाली आहे. मुंबईच्या रीग्रो या कंपनीला 2017 मध्ये रुग्णाच्याच पेशी वाढवून केलेल्या दोन उपचारांसाठी परवानगी मिळाली. एक कूर्चेतील खड्ड्यासाठी, दुसरा रक्तपुरवठा तुटून हाड मरते त्या आजारासाठी. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सने बनवलेल्या 'स्टेमवन' या इंजेक्शनाला 2022 मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी मंजुरी मिळाली. त्यात निरोगी दात्यांच्या मगजातून वाढवलेल्या अडीच कोटी पेशी एकदाच टोचतात.

म्हणजे परवानगी असलेले इंजेक्शन आपल्या देशात आहे, हे खरे. पण मंजुरी कोणासाठी आहे ते बघा. एक्स-रेवरून गुडघ्याच्या झिजेच्या चार पायऱ्या ठरवतात आणि ही मंजुरी फक्त दुसऱ्या व तिसऱ्या पायरीसाठी आहे. ज्या चाचणीवर ती आधारलेली आहे ती 146 रुग्णांवर झाली. तिचे मुख्य मोजमाप वेदना, ताठरपणा आणि हालचाल हे होते. तुमच्या आजीचे पाय धनुष्यासारखे वाकले असतील आणि हाडाला हाड घासत असेल, तर ती चौथी पायरी. तिच्यासाठी हे इंजेक्शन नाही. आपल्या घरांत दुखणे अंगावर काढायची सवय आहे आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत गुडघा बहुधा याच पायरीला पोहोचलेला असतो.

पोटऱ्या दुखतात तेव्हा

सोलापूर विड्या वळणारे शहर आहे, तसे ओढणारेही आहे. चालताना पोटऱ्यांत गोळे येतात, थांबले की बरे वाटते. हे दुखणे वाताचे किंवा कंबरेच्या शिरेचे समजून तेल चोळत बसतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण माणसात हा बर्जर नावाचा आजार असू शकतो. त्यात हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होत जातात, जखमा भरत नाहीत आणि शेवटी बोट किंवा पाय कापावा लागतो. या आजारात पाय धोक्यात आला असेल तर पोटरीच्या स्नायूत मूळपेशी टोचण्याच्या उपचाराला भारतात परवानगी आहे. पण बिडी सुरू राहिली तर कोणताही उपचार पाय वाचवू शकत नाही. पहिला इलाज तंबाखू पूर्ण सोडणे हाच, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

मुलांचे स्नायू आणि आईबापांची आशा

सर्वांत मोठी लूट होऊ शकते ती ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारात. तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, टाचा उचलून चालतो, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उभा राहतो. पोटऱ्या फुगलेल्या दिसतात म्हणून लोक त्याला दणकट समजतात. आजार जनुकातील दोषाचा आहे. सुमारे दोन तृतीयांश मुलांत तो आईकडून येतो आणि बाकीच्यांत नव्याने उद्भवतो. दोन्हींत आईचा काहीही अपराध नसतो, हे सासरच्यांना ठणकावून सांगणारा कोणीतरी हवा.

या आजारासाठी भारतात एकही मूळपेशी उपचार मंजूर नाही. तरी कोणी पैसे घेऊन असे उपचार देऊ लागला तर ते नियमबाह्य आहे. मुलाला खरा उपयोग होतो तो डॉक्टरांच्या देखरेखीखालील स्टेरॉइड, नियमित व्यायामोपचार आणि हृदय-फुप्फुसांची तपासणी यांचा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार समाविष्ट आहे. प्रमाणपत्र काढून देण्यासाठी कार्यकर्त्याने एक दिवस दिला, तर तो दिवस सत्कारणी लागतो.

सिकलसेल: जिथे मूळपेशी खरोखर कामी येतात

विदर्भातील वाचकांना हा आजार सांगायला नको. आदिवासी समाजात आणि बौद्ध कुटुंबांतही तो बराच आढळतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी वाहिन्यांत अडकतात, सांधे असह्य दुखतात आणि काहींचा खुबा ऐन तरुणपणी निकामी होतो. इथे खुब्यात टोचलेल्या इंजेक्शनाने मूळ आजार जात नाही. बोन मॅरो ट्रान्सप्लांटने तो जाऊ शकतो, पण जुळणारा दाता लागतो. प्रत्येक सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक असते. प्रत्येकाला हा मार्ग मिळत नाही, म्हणून हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित घेणे आणि लग्नाआधी रक्त तपासणे हे आजही महत्त्वाचे आहे.

शिबिर भरवण्याआधी पाच प्रश्न

जयंतीला किंवा महापरिनिर्वाण दिनी कोणी मोफत गुडघे तपासणी शिबिर देऊ केले तर आनंदच आहे. पण तपासणी मोफत आणि इंजेक्शन विकत, असा बेत असू शकतो. मंडप आपला, माणसे आपली आणि विश्वासही आपलाच वापरला जातो. म्हणून आधी विचारा:

1. या उत्पादनाला औषध महानियंत्रकांची मंजुरी आहे का? ती याच आजारासाठी आणि याच पायरीसाठी आहे का? पत्र दाखवा.
2. ही चाचणी असेल तर भारतीय चाचणी नोंदवहीतील, म्हणजे सीटीआरआयचा, नोंदणी क्रमांक काय? तो संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो.
3. चाचणी असेल तर पैसे कशाचे? संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. मंजुरी दाखवता येत नाही आणि पैसेही मागतात, तर तिथेच थांबा.
4. संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत आहे का? होटगी परिसरात कोणाला मराठी लागेल, कोणाला कन्नड. त्याची प्रत घरी मिळाली पाहिजे.
5. इजा झाली तर खर्च कोण करणार? चाचणीत झालेल्या इजेवर मोफत उपचार आणि भरपाई देणे नियमाने बंधनकारक आहे.

तोपर्यंत काय करायचे?

सोलापूरच्या सिव्हिल रुग्णालयात अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढा आणि कोणती पायरी आहे ते विचारा. पहिल्या तीन पायऱ्यांत मांडीचे स्नायू बळकट करण्याचा रोजचा व्यायाम हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा आणि खाली घ्यायचा. वजन 1 किलोने उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी कमी होतो. घरात कमोडची खुर्ची आणा. विड्या वळणाऱ्या मावशीला बसायला चौरंग किंवा ठेंगणे स्टूल द्या आणि तासाला एकदा उठून चालायला लावा. विहारात भिंतीलगत दहा खुर्च्या ठेवा, म्हणजे गुडघ्यांमुळे वंदनेला यायचे थांबलेले म्हातारे परत येतील.

चौथ्या पायरीला गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया हा सिद्ध मार्ग आहे. 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा सर्वाधिक वापरला जाणारा सांधा 54,720 रुपयांवर आला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपल्या रुग्णाला काय मिळू शकते, हे योजनेतील रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र सांगतो. त्याच्याकडे रेशनकार्ड घेऊन जा.

मूळपेशींचे विज्ञान खोटे नाही. उद्या कदाचित झिजलेली कूर्चा खरोखर उगवेलही. पण ते सिद्ध होईपर्यंत त्याची किंमत विडी वळणाऱ्या बाईने आपले मंगळसूत्र मोडून चुकवायची नाही. तेवढे लक्ष ठेवणे आपल्या हातात आहे.