शिक्षकाचे हास्यचित्र : विनोद, टवाळी आणि उपरोध

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• विनोद, टवाळी आणि उपरोध यांतील फरक सांगता येईल;
• जुन्या वळणाच्या शिक्षकाचे विनोदी चित्रण चिकित्सकपणे पाहता येईल;
• स्वतःच्या परिसरातील अनुभवाचे उपरोधिक लेखन करता येईल.

प्रास्ताविक

धोतर किंवा ढगळ पँट, हातात छडी, नाकावर घसरलेला चष्मा आणि तोंडी ठरलेली चार वाक्ये. दूरचित्रवाणीवरील विनोदी प्रहसनांत असा शिक्षक आपण अनेकदा पाहिला आहे. तो आला की प्रेक्षक हसतात. आपण नेमके कोणाला हसतो, हा या घटकातील मुख्य प्रश्न आहे.

विषय विवेचन

1. तीन संज्ञा

विनोद विसंगतीतून निर्माण होतो. बोलणे आणि वागणे, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत अंतर पडले की हसू येते. या हसण्यात कोणाला दुखावण्याचा हेतू असतोच असे नाही. टवाळीत हे हसणे दुबळ्या व्यक्तीवर रोखलेले असते. तिची बोली, तिचे दारिद्र्य किंवा तिचे वय हाच तेथे हास्याचा विषय होतो. उपरोधाचा रोख मात्र व्यक्तीपलीकडे असतो. व्यक्तीला हास्यास्पद अवस्थेत आणणारी व्यवस्था हे त्याचे लक्ष्य असते.

हा फरक ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. त्या शिक्षकाच्या जागी दुसरा, तरुण आणि हुशार शिक्षक उभा करून पाहावा. तरीही प्रसंग तितकाच हास्यास्पद राहिला, तर तो उपरोध समजावा.

2. मराठीतील दोन उदाहरणे

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ (1962) या संग्रहाला 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील ‘चितळे मास्तर’ हे व्यक्तिचित्र आपल्या परिचयाचे असेल. मास्तरांचे उच्चार, मुलांना ठेवलेली नावे, ठरावीक लकबी यांवर आपण मनमोकळे हसतो. पण हे हसणे मास्तरांना लहान करीत नाही. अखेरीस लेखक आपले लक्ष त्यांच्या झिजलेल्या वहाणांकडे वेधतो आणि हसणारा वाचक अंतर्मुख होतो. हा निर्मळ विनोद असून त्याच्या तळाशी कृतज्ञता आहे.

रमेश इंगळे उत्रादकर यांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी वेगळ्या जातीची आहे. तिच्यावर आधारित, पुरुषोत्तम बेर्डे दिग्दर्शित चित्रपट 2009 मध्ये आला. प्रौढ साक्षरतेची मोहीम जिल्हा परिषदेच्या शिक्षकांवर सोपवली जाते. गाव साक्षर होण्यापेक्षा ते कागदावर साक्षर दिसणे महत्त्वाचे ठरते. येथे शिक्षक बदलला तरी प्रसंग बदलणार नाही. म्हणून हा उपरोध आहे.

3. दूरचित्रवाणीवरील उदाहरण

‘ॲबट एलिमेंटरी’ ही अमेरिकी मालिका 2021 मध्ये सुरू झाली. फिलाडेल्फिया शहरातील निधीअभावी रखडत चाललेली एक काल्पनिक सरकारी शाळा तिच्या केंद्रस्थानी आहे. बार्बरा हॉवर्ड ही तेथील जुन्या वळणाची शिक्षिका. एका भागात ती नव्या संगणकप्रणालीपुढे अडखळते आणि तिच्या मुलांची वाचनप्रगती प्रत्यक्षापेक्षा कितीतरी पुढे गेल्याची नोंद होते. आपण हसतो, परंतु ती उत्तम शिकवते हे मालिका आपल्याला विसरू देत नाही. पात्रे मधूनच कॅमेऱ्याकडे पाहतात व त्या नजरेने प्रेक्षकाला साक्षीदार करतात. नोंद आणि वास्तव यांतील अंतर हा उत्रादकरांच्या कादंबरीतील विषय येथेही भेटतो, हे आपल्या लक्षात आले असेल.

4. आपल्या परिसरात

आता चिमूर तालुक्यातील जंगलालगतच्या एका गावाची कल्पना करा. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. एक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलेले. उरलेले वयस्क गुरुजी चारही वर्गांना पाढे लावून देतात आणि रेंज मिळावी म्हणून मोबाइल उंच धरून कुंपणापाशी उभे राहतात. पोषण आहाराची माहिती आजच भरायची असते. आतून पाढ्यांचा आवाज हळूहळू थांबतो.

या प्रसंगात हसू आहे. लेखकाने गुरुजींच्या झाडीबोलीवर किंवा त्यांना मोबाइल न जमण्यावर भर दिला, तर ती टवाळी होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येत नाहीत. हा नियम आणि कुंपणापाशी उभे असलेले गुरुजी शेजारी शेजारी ठेवले, की भाष्य न करताही उपरोध साधतो.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याची कल्पना शासनाने पुढे आणली. अशा वेळी छोट्या शाळेतील शिक्षक निव्वळ हास्यास्पद वाटू लागला, तर त्याची शाळा गेल्याचे दुःखही कोणाला होत नाही. टवाळीचा परिणाम असा दूरवर पोहोचतो.

सारांश

विनोद विसंगती दाखवतो, टवाळी दुबळ्याला लक्ष्य करते आणि उपरोध व्यवस्थेला जाब विचारतो. शिक्षकाचे हास्यचित्र पाहताना हास्याचा रोख कोठे आहे, हे आधी तपासावे.

स्वयंअध्ययन प्रश्न

1. टवाळी आणि उपरोध यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
2. ‘चितळे मास्तर’मधील विनोदाला टवाळी का म्हणता येणार नाही?

उपक्रम

आपल्या प्राथमिक शाळेतील एका शिक्षकाविषयी दीडशे शब्दांत विनोदी लेखन करा. ते त्या शिक्षकासमोर वाचून दाखवता येईल का, हे स्वतःला विचारा आणि आवश्यक तेथे पुन्हा लिहा.