सळई बांधणारं यंत्र आणि आपला रोज

गव्हाण, चिर्ले, न्हावा इकडच्या बायांना अटल सेतू काय सांगायचा! 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्घाटन झालं. शिवडी ते न्हावा शेवा 21.8 किलोमीटर, त्यातले साधारण 16.5 समुद्रावर. असं काम पाण्यावर घमेली वाहून होत नाही. काँक्रीटचे मोठे तुकडे आधी यार्डात ओतले, मग यंत्राने उचलून जागेवर जोडले. बोटींच्या वाटेवरचे पोलादी गाळे बार्जवरून नेऊन बसवले. त्यातला सर्वांत लांब 180 मीटरचा.

आता याच्या पुढची पायरी म्हणजे रोबोट. स्लॅब ओतण्याआधी सळयांची जाळी अंथरतात आणि जिथे सळईवर सळई येते तिथे तारेची गाठ मारतात. दिवसभर उन्हात कमरेत वाकून! गवंड्याचा, फिटरचा मुलगा या कामाला आता तयार होत नाही. म्हणून अमेरिकेत पुलांच्या कामावर ‘टायबॉट’ नावाचा रोबोट आला. तो जाळीवरून सरकतो, कॅमेऱ्याने सळयांची जोडणी शोधतो आणि गाठ मारतो. सळया अंथरायला मात्र माणसंच लागतात. बॅटरीवर चालणारं हातातलं यंत्रही मिळतं. टोक लावून खटका दाबला की गाठ तयार.

रोबोटला एकसारखं काम लागतं. पूल, यार्ड, मोठे टॉवर इथे तो परवडेल. आपल्या वाडीतल्या घराला, जिथे एक भिंत दुसरीसारखी नसते, तिथे नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. साइटवर बाई बहुतेक बिगारी असते: वीट, रेती, पाणी वाहणारी. यंत्र आलं की आधी ओझं वाहणं जातं, आणि त्याबरोबर तिचा रोज. उलट खटक्याचं यंत्र चालवायला दंडाची ताकद कमी लागते, मग ते तिच्या हातात का नको? 1993 च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे बायकांनी गवंडीकाम शिकून घरं बांधली होती. ‘बाईला जमत नाही’ हे मुकादमाने आता सांगू नये.

तुमच्या गटात बांधकामावर जाणाऱ्या किती जणी आहेत, ते या बैठकीत मोजा. वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस काम असेल, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. 90 दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून काम सुटण्याआधीच घ्या. नंतर तो फोन उचलत नाही. आणि यंत्राचं प्रशिक्षण निघालं, तर गटातल्या दोन नावांची चिठ्ठी आधीच तयार ठेवा.