खिंड राखणारा गोलंदाज

कोणत्याही सांघिक खेळात दोन कामे असतात : आपले गुण वाढविणे आणि प्रतिपक्षाचे वाढू न देणे. पहिले काम करणारास टाळ्या मिळतात. दुसरे करणारा बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्या बालवाचकांपैकी जे बास्केटबॉल अथवा कबड्डी खेळतात, त्यांस याचा अनुभव असेलच. म्हणून ह्या दुसऱ्या कामातच ज्याने कीर्ती मिळविली, अशा एका महाराष्ट्रीय क्रिकेटपटूची हकीकत आम्ही येथे देत आहो.

रमेशचंद्र गंगाराम ऊर्फ बापू नाडकर्णी यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिक येथे झाला. ते प्रथम महाराष्ट्राच्या व पुढे मुंबईच्या संघातून खेळले. १९५५ साली न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीस त्यांनी आपला पहिला कसोटी सामना खेळला. ते डाव्या हाताने मंद गतीचे चेंडू टाकीत. परंतु त्यांचे खरे बळ नेमकेपणात होते. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर एक नाणे ठेवून, त्यावरच पुनःपुन्हा चेंडू टाकण्याचा त्यांचा परिपाठ असे, असे सांगतात. योग्य टप्प्यावर पडलेला चेंडू पुढे सरसावून मारावा तर आवाक्यात येत नाही, मागे हटून मारावा तर वेळ उरत नाही. तो केवळ अडविणेच फलंदाजास भाग पडते.

या साधनेचे फळ १२ जानेवारी १९६४ रोजी मद्रासेस इंग्लंडविरुद्ध दिसून आले. त्या दिवशी त्यांनी लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. त्या डावातील त्यांच्या एकूण ३२ षटकांपैकी २७ निर्धाव होती, आणि धावा गेल्या अवघ्या ५!

यावर कोणी विचारील, की त्या डावात त्यांस एकही बळी मिळाला नाही व सामनाही अनिर्णित राहिला. मग साधले काय? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. नुसते रोखून धरल्याने जय मिळत नाही. पण पराभव टळतो, आणि जयाची वेळ येईपर्यंत संघ उभा राहतो. त्याच मालिकेत कानपुरास भारतावर फॉलोऑनची आपत्ती आली असता, बापूंनी नाबाद ५२ व नाबाद १२२ धावा काढून सामना वाचविला. पुढे १९६८ साली वेलिंग्टन येथे त्यांनी न्यूझीलंडचे ६ गडी ४३ धावांत बाद केले. ती मालिका भारताने ३–१ अशी जिंकली. परदेशात भारताने जिंकलेली ती पहिलीच मालिका होय.

याच दौऱ्याबरोबर त्यांची कसोटी कारकीर्द संपली. नागपुरास पहिला कसोटी सामना १९६९ साली झाला. त्यामुळे आमच्या नगरवासीयांस त्यांचा कसोटीतील खेळ घरच्या मैदानावर पाहण्याचा योग आला नाही. ४१ कसोटी सामन्यांत त्यांनी ८८ बळी घेतले, आणि सरासरीने षटकामागे दोनही धावा दिल्या नाहीत. १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, प्रत्येकास गोल अथवा शतक करता येईल असे नाही. पण नेमून दिलेली जागा न सोडणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. आणि पालकांसही आमची विनंती आहे की, सामन्यावरून घरी आलेल्या मुलास 'तू किती गुण केलेस?' एवढेच न विचारता, 'तू किती वाचविलेस?' हेही विचारावे.