खिशातले अवजार : निवड आणि निगा

शेतावर गेल्यावर जवळ हत्यार नाही म्हणून काम अडले, असा अनुभव ज्यास आला नाही असा शेतकरी विरळाच. पंपाच्या पाइपावरील क्लॅम्प ढिली झालेली असते, ठिबकची नळी उंदराने कुरतडलेली असते, कुंपणाची तार सुटून लोंबत असते. आणि पक्कड असते घरी, कोनाड्यात. घटकाभराच्या कामासाठी मैलभर पायपीट घडते, किंवा दात आणि दगड यांवर काम भागविले जाते. चाकू, पक्कड, कानस, करवत, स्क्रू फिरविण्याचे पाते ही सर्व एकाच मुठीत घडी करून बसविलेले अवजार या अडचणीवर चांगला उपाय आहे. बाजारात त्यास ‘मल्टीटूल’ म्हणतात. ग्रामकार्यकर्ते आणि तरुण शेतकरी ते हौसेने विकत घेतात. परंतु त्यांतील पुष्कळ अवजारे महिना-दोन महिन्यांत पेटीच्या तळाशी जाऊन पडतात, असे आमच्या पाहण्यात आहे. याचे कारण एकच. घेणारा पाती मोजून घेतो, आपले काम मोजून घेत नाही.

ज्यांनी ही अवजारे प्रथम घडविली त्यांनी मात्र आधी काम पाहिले होते. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८८९ साली नवी रायफल स्वीकारली. ती खोलण्यास स्क्रू फिरविण्याचे पाते हवे होते, आणि शिपायांस शिध्याचे बंद डबे फोडण्यास एक साधन हवे होते. या दोन गरजांसाठी शिपायाचा घडीचा चाकू निघाला. इबाख गावच्या कार्ल एल्सनर यांनी १८९१ साली तो सैन्यास पुरविण्यास आरंभ केला, आणि १८९७ साली अधिक पात्यांचा, हलका चाकू नोंदविला. पुढे १९७५ साली टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण एका जुन्या मोटारीतून युरोपात प्रवास करीत होता. चाकू त्याच्या खिशात होताच; मोटार वारंवार बिघडे तेव्हा उणीव भासे ती पकडीची. घरी परतल्यावर त्याने पक्कड मध्यभागी ठेवून तिच्या दोन मुठींत इतर पाती बसविली. त्याचे पहिले अवजार विक्रीस येण्यास १९८३ साल उजाडले. आज दुकानात दिसणारे बहुतेक नमुने या दोहोंपैकी एका वंशाचे आहेत : एक चाकूच्या घराण्याचा, दुसरा पकडीच्या.

आपणांस कोणता हवा, हे ठरविण्यासाठी एक सोपा उपाय करावा. आठ दिवस खिशात एक कागद ठेवावा आणि ज्या ज्या वेळी हत्यारावाचून अडले ती वेळ व ते काम त्यावर टिपावे. आठव्या दिवशी कागद वाचला की निम्मा निर्णय झालेलाच असतो. ज्याच्या कागदावर सुतळी, गोणी, पाकीट, फांदी, नळी यांचीच नोंद आहे, त्यास पकडीचे ओझे नको. चाकू, लहान कात्री आणि करवत असलेले ६० ते १०० ग्रॅम वजनाचे अवजार त्यास पुरे. ज्याच्या कागदावर तार, नट, खिळा, पंप हे शब्द पुन्हा पुन्हा येतात त्याने पकडीचेच घ्यावे. त्याचे वजन पाव किलोच्या आसपास असते. ते सदऱ्याच्या खिशात टिकत नाही, कमरपट्ट्यास म्यान लावूनच बाळगावे लागते.

यानंतर पाहावयाची गोष्ट म्हणजे खटका. पाते उघडल्यावर ते आपोआप मिटू नये म्हणून आत बसविलेली पट्टी ती खटका. साध्या घडीच्या चाकूत ती नसते; पाते केवळ कमानीच्या ताणावर उभे असते. कापताना जोर धारेवर पडतो तोवर काही बिघडत नाही. टोक खुपसून भोक पाडू गेले, की पाते उलट मिटते. प्रस्तुत लेखक नळीस भोक पाडू गेला असता असेच घडले. उजवी तर्जनी हाडापर्यंत कापली, सहा टाके पडले, आणि ऐन पेरणीत तीन आठवडे तो हात पाण्यात घालता आला नाही. ज्याचे पोट हातावर आहे त्याने खटक्याचे चार पैसे वाचवू नयेत. मातीने भरलेल्या पात्याने जखम झाल्यास ती वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

पात्याच्या पोलादाविषयी गावोगाव वाद चालतो. साध्या पोलादास धार उत्तम चढते, पण कैरी-लिंबाच्या रसाने ते काळवंडते आणि पावसाळ्यात गंजते. न गंजणारे पोलाद धारेस किंचित उणे, तरी वाटीच्या बुडावर वा दगडावर पाच मिनिटांत पुन्हा धरता येते. जुने लोक साध्या पोलादाची बाजू घेतात. विळ्या-कोयत्यापुरती ती खरीही आहे. खिशातल्या अवजारास मात्र न गंजणारे पोलादच घ्यावे, आणि त्याचे मोठे कारण धार नसून रोग हे आहे.

डाळिंबावरील तेल्या रोगाचे जिवाणू पाऊस आणि वारा यांबरोबर पसरतात, तसे छाटणीच्या कात्रीवरून व चाकूवरूनही पसरतात. ग्रामकार्यकर्ता सकाळी एका बागेत डागाळलेले फळ चिरून पाहतो आणि दुपारी तोच चाकू शेजारच्या निरोगी बागेत वापरतो. ज्याने रोग ओळखावयाचा त्यानेच तो पोचविला, असे होते. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना, निदान एका बागेतून दुसरीत जाताना, पाते निर्जंतुक करणे हा नियमच समजावा. प्रथम चिकटलेला रस व माती पुसून काढावी, कारण घाणीच्या थराखाली औषध पोचत नाही. मग ७० टक्के स्पिरिटात भिजविलेल्या फडक्याने पाते आणि खाच पुसून कोरडे होऊ द्यावे. सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावणही जंतुनाशक आहे, परंतु ते पोलाद खाते. वापरल्यास नंतर पाण्याने धुऊन, पुसून तेल लावावे. ज्या अवजारात बारा पाती व त्यांच्या बारा फटी आहेत ते असे स्वच्छ करणे किती कठीण, याचा विचार दुकानातच करावा.

काही कामे या अवजाराने करूच नयेत. पंपाच्या स्टार्टरची पेटी त्याने उघडू नये. त्याच्या मुठी उघड्या धातूच्या असतात, त्यांवर विजेस अडविणारे आवरण नसते. तीन फेजच्या प्रवाहापुढे दुसरी संधी मिळत नाही. डोळा भरण्यासही ते योग्य नाही. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवावयाचा तर काप सपाट व स्वच्छ हवा. त्यासाठी एकाच बाजूने धार असलेला कलमाचा चाकू वेगळा ठेवावा आणि त्याने दोरीसुद्धा कापू नये. कीटकनाशकाचे पाकीट ज्या पात्याने फोडले त्याच पात्याने बांधावर बसून कांदा चिरणे, हा प्रकार तर आपण सर्वांनी पाहिला आहे. विषाच्या पाकिटासाठी जुनी कात्री औषधाच्या खोलीतच टांगून ठेवावी.

दुकानात अवजार हाती घेतल्यावर प्रत्येक पाते स्वतः उघडून पाहावे. नख तुटेल इतके घट्ट किंवा झटकताच उघडेल इतके सैल असे दोन्ही नको. उघडलेले पाते आडवे हलवून पाहावे. खिळीत खडखडत असेल तर ठेवून द्यावे. पक्कड मिटून उजेडासमोर धरावी, जबड्याच्या टोकांतून प्रकाश दिसता कामा नये. मग तारेचा एक तुकडा मागून घेऊन तोडून पाहावा. तेव्हा मुठीच्या कडा तळहातास रुतल्या, तर शेतावर त्या अधिकच रुततील. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

कायद्याची बाब थोडकी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख असून, शेती व घरकामासाठी बनविलेली हत्यारे त्यांतून वगळली आहेत. खिशातले अवजार या मापाच्या पुष्कळ आत असते. तथापि जत्रेच्या, मोर्चाच्या गर्दीत ते घरीच ठेवावे, आणि विमानप्रवासात हातातल्या पिशवीत नेऊ नये.

निगा म्हणाल तर पंधरवड्यातून एकदा ते कोमट पाण्यात उघडझाप करून धुवावे, उन्हात वाळवावे आणि खिळीत शिलाईयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल तेल थंडीत थिजून धूळ धरते. म्यानास दोरी बांधून ती पट्ट्यास अडकवावी, म्हणजे कडब्यात पडून हरवणार नाही. पकडीने तोडलेले तारेचे तुकडे मात्र जागीच टाकू नयेत, वेचून खिशात घालावेत. चाऱ्याबरोबर ते जनावराच्या पोटात गेले तर जाळीपोटातून थेट हृदयापर्यंत टोचतात.