भिंत रंगवली, पण पाहुणा थांबेल का?



दुसरबीड भागातल्या बैठकांत हल्ली एक विषय निघतो. गावातल्या भिंतींवर चित्रं काढली तर पर्यटक येतील का, आणि त्यासाठी गटाची बचत वापरायची का? पोरं पुण्या-संभाजीनगरला कामाला गेलीत, कितीतरी घरांना कुलूप आहे. त्यामुळं प्रश्न मनापासूनचा आहे. आधी झालेलं एक उदाहरण नीट पाहू.

सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ भिलार आहे. ४ मे २०१७ ला ते 'पुस्तकांचं गाव' झालं. कल्पना ब्रिटनमधल्या हे-ऑन-वे या गावावरून घेतलेली. राज्य मराठी विकास संस्थेनं पुस्तकं दिली आणि ती लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत अशी सुरुवातीला सुमारे २५ ठिकाणी ठेवली. एका घरी कथा, दुसऱ्या घरी कविता. कलाकारांनी येऊन भिंतींवर त्याला साजेशी चित्रं काढली. म्हणजे चित्र तिथं पाटीचं काम करतं. कुठल्या घरी काय आहे ते लांबूनच कळतं.

मग पैसा कुठून येतो? पुस्तक वाचायला पैसे पडत नाहीत, भिंत बघायलाही नाहीत. पाहुणा जेवला, मुक्कामी राहिला, स्ट्रॉबेरी घेऊन गेला, तरच घरात चार पैसे येतात. आणि भिलार काही ओस पडलेलं गाव नव्हतं, बरं का! स्ट्रॉबेरी आधीपासून होती, महाबळेश्वर-पाचगणीचे पर्यटक शेजारीच होते, पुस्तकांचा खर्च सरकारचा होता. फोटोत फक्त रंगीत भिंत दिसते.

आपल्याकडं काय आहे? रस्ता आहे. एकीकडं सिंदखेड राजा, जिजाऊंचं जन्मस्थान, जिथं १२ जानेवारीला प्रचंड गर्दी होते. दुसरीकडं लोणार सरोवर, जे २०२० मध्ये रामसर यादीत गेलं. दोन्ही बघणारे आपल्या भागातून जातात, पण थांबत नाहीत. थांबायला सगळ्यात आधी काय लागतं, ते गाडीतल्या बाईला विचारा: आतून कडी लागणारं, पाणी असलेलं, स्वच्छ शौचालय. मग गरम भाकर, ठेचा, पिठलं. मग घरी नेण्यासारखं काही, म्हणजे पापड, कुरड्या, तिखट. भिंतीचा नंबर त्यानंतर.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, बचत रंगात घालू नका. बाहेरचा रंग ऊन-पावसात उतरतो, परत खर्च येतो, आणि भिंत काही हप्ता फेडत नाही. रंगासाठी ग्रामपंचायत किंवा देणगीदार शोधा. इंडोनेशियात मलंग शहरातली जोडिपन वस्ती २०१६ मध्ये रंगवली तेव्हा पुढाकार विद्यार्थ्यांचा होता आणि रंग एका कंपनीनं दिला. वस्तीत जायला छोटं तिकीटही ठेवलं.

गटाचं कर्ज घ्यायचंच तर खाण्याच्या धंद्याला घ्या. त्याला अन्नसुरक्षा नोंदणी लागते, ती आधी करा. राज्याचं 'आई' पर्यटन धोरणही आहे. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावर, अटींत बसलं तर, पर्यटन संचालनालय व्याजाचा परतावा देतं. मालकी महिलेची म्हणजे पासबुकही तिच्याच हातात असावं, नुसती सही नको.

भिंती रंगवायच्या ठरल्याच तर विषय ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मांडा आणि घरमालकांची लेखी संमती घ्या. चित्र वारलीचं नको. ती कला पालघरकडची. तिथं लग्नाचा चौक सवाष्णी बायका लिहायच्या, आणि जगभर नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. आपल्याकडं भुलाबाई आहे, पोळ्याचे बैल आहेत. ते आपणच काढू आणि खाली काढणारीचं नाव लिहू.

पुढच्या बैठकीआधी एक काम करा. एखाद्या रविवारी गटातल्या दोघींनी १० ते ५ रस्त्याला बसून बाहेरगावच्या किती गाड्या गेल्या, किती थांबल्या आणि कशासाठी थांबल्या, ते वहीत लिहून आणा.